इलस्ट्रेटर व्हायचंय, मग कुठला कोर्स? देवळाली प्रवराहून आलेला एक प्रश्न

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे. एसटीच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल, तर निवांत वाचा.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. मेसेज आलाय देवळाली प्रवराहून. देवळाली म्हटलं की निम्मे लोक नाशिकचं देवळाली कॅम्प समजतात. ते नाही. हे आपलं राहुरी तालुक्यातलं, नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आजूबाजूला ऊस आणि जवळच राहुरी फॅक्टरी.

मुलगी बारावीत आहे. ती म्हणते, "दादा, मला पुस्तकातली चित्रं काढायचीत. गोष्टीची पुस्तकं असतात ना, तसली. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड आहे. पप्पा म्हणतात एटीडी कर, शाळेत लागशील. मामा म्हणतात पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स आहे, फी जास्त आहे पण नोकरीची गॅरंटी देतात. आमचे सर म्हणतात जे.जे.ला जा. मी कुणाचं ऐकू?"

मेसेजच्या शेवटी ती हळूच म्हणते, "एकदाच पैसे लावता येतील घरच्यांना. चुकलं तर परत नाही जमणार."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी मेसेज परत ऐकला. करिअरच्या गप्पा मारताना हे वाक्य आपण विसरतो. ज्याला दोन-तीन वेळा कोर्स बदलता येतो त्याच्यासाठी सल्ला वेगळा, आणि जिच्या घरचा एका उसाच्या बिलाचा हिशोब या निर्णयावर लागलाय तिच्यासाठी वेगळा. आज आपण दुसऱ्या बाजूने बोलू.

आधी हे ठरवा: चित्र आवडतं की चित्रण?

चित्र काढायला आवडणं आणि इलस्ट्रेशन आवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इलस्ट्रेशन म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरासाठी, दिलेल्या मापात, दिलेल्या तारखेला काढलेलं चित्र. लेखकाने लिहिलंय 'आजी ओसरीवर बसली होती'. ती आजी कशी बसली होती, पाय दुमडून की पसरून, हातात काय होतं, हे तुम्ही ठरवायचं. मग तीच आजी पान नंबर चौदावर उभी दाखवायची, आणि ती तीच आजी वाटली पाहिजे. संपादक म्हणणार, "डावीकडे जागा सोडा, तिथे मजकूर येतोय." आजीला सरकवायचं, आणि राग धरायचा नाही.

कोर्स निवडण्याआधी एक परीक्षा घरीच घ्या. फी नाही, फॉर्म नाही. एक छोटी गोष्ट घ्या. मोबाइलवर 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोफत वाचायला मिळतात. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय. त्यातली चित्र न बघता एक गोष्ट कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. मग त्या गोष्टीसाठी सहा चित्रं काढा. पात्रं तीच, प्रसंग सहा. मुदत दहा दिवस. झालं की मासिकातली चित्रं उघडा आणि शेजारी ठेवून बघा.

दोन चित्रांनंतर कंटाळा आला आणि परत मोठं, सुटं, एकच देखणं चित्र काढावंसं वाटलं, तर तुम्ही कदाचित पेंटर आहात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त रस्ता वेगळा. आणि चौथ्या चित्राला 'अरे, याची टोपी तर पहिल्या चित्रात उलटी होती' म्हणून मागे जाऊन दुरुस्त केलं असेल, तर पुढचं नीट ऐका.

डिग्री लागतेच का?

खरं उत्तर: चित्र छापताना तुमचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

वसंत सरवटे हे नाव घरच्या मोठ्यांना विचारा. पुलंच्या पुस्तकांमधली चित्रं, 'ललित' मासिकातला तो ठणठणपाळ, हे त्यांचं काम. ते शिकले होते सिव्हिल इंजिनिअरिंग, आणि नोकरीही सिमेंट कंपनीत केली. उलट शि. द. फडणीस जे.जे.मध्ये कमर्शियल आर्ट शिकले आणि एक शब्दही न लिहिता हसवणारी चित्रं काढली. माधुरी पुरंदरे जे.जे.त शिकल्या, पुढे फ्रान्सला गेल्या, आणि मुलांसाठी स्वतःच लिहिलेल्या गोष्टींची चित्रंही स्वतःच काढतात. तीन माणसं, तीन वेगळे रस्ते.

मग कॉलेज कशाला? तीन गोष्टींसाठी. एक, चार वर्षं रोज चित्र काढायची मोकळीक. घरी बसून 'मी प्रॅक्टिस करतोय' म्हटलं की आठव्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "जरा गिरणीवर जाऊन ये." दोन, तुमचं चित्र चुकलंय हे तोंडावर सांगणारा माणूस. गावात तुमचं कौतुकच होतं, आणि कौतुकाने हात सुधारत नाही. तीन, तुमच्यापेक्षा बरी चित्रं काढणारी पाच-सहा मुलं रोज शेजारी. पुढे कामं एकमेकांमुळेच मिळतात.

या तीन गोष्टी जिथे मिळतील तो चांगला कोर्स. नाव काहीही असो. आता या कसोटीवर एकेक पर्याय बघू.

पप्पांचा पर्याय: एटीडी

एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, दोन वर्षांचा. शाळेत चित्रकला शिकवण्यासाठी तयार केलेला. खर्च कमी, आणि आपल्या जिल्ह्यातही करता येतो. शिकवायला मनापासून आवडत असेल, तर हा प्रामाणिक रस्ता आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक चित्रकारांना पहिला कागद त्यांच्या ड्रॉइंगच्या सरांनीच दिलाय.

पण 'एटीडी म्हणजे हमखास नोकरी' हे गणित जुनं झालंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक सांगितलाय, तोही पटसंख्या शंभरच्या वर असेल तर. म्हणजे पूर्ण पगाराची जागा सगळीकडे असेल असं धरून चालता येत नाही. पप्पांचं चूक नाहीये. त्यांनी पाहिलेले ड्रॉइंगचे सर कायम नोकरीतले होते. त्यांच्याशी भांडू नका, हा बदल त्यांना सांगा.

आणि इलस्ट्रेशनच्या बाजूने बघाल, तर दोन वर्षं फार कमी आहेत, आणि कोर्सचा भर शिकवण्यावर आहे.

मामांचा पर्याय: 'गॅरंटी'वाला ॲनिमेशन कोर्स

ॲनिमेशन वाईट नाही. चांगला इलस्ट्रेटर ॲनिमेशनमध्ये पात्रं घडवतो, स्टोरीबोर्ड काढतो. प्रश्न त्या गॅरंटीचा आहे. अशा संस्थेत जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. पदवी कोणतं विद्यापीठ देतं, की नुसतं संस्थेचं सर्टिफिकेट आहे? आठवड्यात हाताने ड्रॉइंगचे तास किती आणि सॉफ्टवेअरचे किती? 'गॅरंटी' कागदावर लिहून देता का, आणि कसल्या कामाची? मधे सोडलं तर फी किती परत?

माझ्या एका मित्राने घरचं कर्ज काढून असाच कोर्स केला. संस्थेचं नाव घेत नाही. वर्षभरात सॉफ्टवेअर शिकला, पण माणूस चालताना वजन कुठल्या पायावर येतं, हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या इंटरव्ह्यूला त्याला पेन्सिल दिली आणि म्हणाले, "एक म्हातारा पिशवी उचलतोय, काढा." तिथेच संपलं. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं आणि यूट्यूबवरही शिकता येतं. फी मोजायची ती ड्रॉइंगसाठी मोजा.

सरांचा पर्याय: बीएफए

बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट, चार वर्षांची पदवी. पहिलं वर्ष बहुतेक पायाभूत असतं आणि मग फाटे फुटतात. आपल्या कामाचे दोन: पेंटिंग, म्हणजे रेखा व रंगकला, आणि ॲप्लाइड आर्ट, म्हणजे उपयोजित कला.

पेंटिंगमध्ये मॉडेल समोर बसवून शरीररचना, व्यक्तिचित्र, रंग, रचना यांवर भर. हात पक्का होतो. ॲप्लाइडमध्ये अक्षरकला, जाहिरात, छपाई, मांडणी. चित्र मजकुराशेजारी कसं बसतं ते कळतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ॲप्लाइडला पुढच्या वर्षांत एक खास विषय निवडायचा असतो, त्यात कित्येक ठिकाणी 'इलस्ट्रेशन' असतं. आपल्याकडे इलस्ट्रेशनची वेगळी पदवी सहसा नाही. ते या दाराआड आहे, म्हणून गावात बसून सर्च केलं तरी सापडत नाही.

एक सावधगिरी. विषय यादीत आहे म्हणजे तो शिकवायला माणूस आहे असं नाही. कॉलेजला फोन करून विचारा, "गेल्या वर्षी इलस्ट्रेशन किती मुलांनी घेतलं? कोण शिकवतं?" उत्तर 'तो विषय आमच्याकडे आहे, पण सगळे कॉम्प्युटर ग्राफिक्स घेतात' असं आलं, तर समजून जा.

जे.जे.बद्दल थोडं. सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट मुंबईत 1857 साली सुरू झालं. 1935 मध्ये तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, आणि पुढे उपयोजित कला संस्था वेगळी झाली. 2023 मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणून प्रवेशाच्या सूचना तिथल्या वेबसाइटवर स्वतंत्र बघा, दोन वर्षांपूर्वीच्या सिनियरच्या माहितीवर विसंबू नका.

पण जे.जे. नाही मिळालं म्हणजे सगळं संपलं, हे डोक्यातून काढा. संभाजीनगरला आणि नागपूरला शासकीय कला महाविद्यालयं आहेत. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, भारती विद्यापीठाचं आहे. देवळालीहून पहाटे निघालात, तर पुण्याला किंवा संभाजीनगरला जाऊन रात्री घरी येता येतं. जा एकदा. ऑफिसात नका बसू, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या वर्गाबाहेर उभे राहा आणि मुलांच्या वह्या बघा. भिंतीवरची चित्रं निवडून लावलेली असतात. वह्या खोटं बोलत नाहीत.

आणखी एक दार: बी.डेस.

आयआयटी मुंबई 'युसीड' नावाची परीक्षा घेते, त्यातून काही आयआयटींमध्ये डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. कुठल्याही शाखेची बारावी चालते. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी. इथे चित्रापेक्षा विचार जास्त तपासतात, आणि युसीडचा पेपर इंग्रजीत असतो. सराव असेल तर जरूर द्या. पण शिकताना भर प्रश्न सोडवण्यावर असेल, रोज रेखाटनावर नसेल, हे माहीत असू द्या.

सगळ्यात मोठी चूक: निकालाची वाट बघणं

आपल्याकडे बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटतात, आणि मग 'आता पुढे काय' ची चर्चा सुरू होते. कलेच्या बाबतीत तोवर गाडी सुटलेली असते. युसीड जानेवारीत होते, म्हणजे फॉर्म त्याच्याही आधी. एनआयडीचंही हिवाळ्यातच. राज्याच्या बीएफएसाठी सीईटी सेलची एमएएच-एएसी सीईटी असते, तिचेही अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून दिवाळी झाली की सीईटी सेलची वेबसाइट दर आठवड्याला उघडायची. मोबाइलला रिमाइंडर लावा. आत्ता लावा, मी थांबतो.

या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्य ज्ञान यांवर भर राहिलाय. नावं ओळखीची वाटली ना? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेतलीच. म्हणजे गावातल्या शाळेत ग्रेड परीक्षा दिलेला मुलगा मुंबईच्या मुलापेक्षा मागे नाही. स्मरणचित्रात तर तुम्ही पुढे असू शकता. आठवडे बाजार, ऊसतोडीची टोळी, फॅक्टरीकडे निघालेल्या बैलगाड्या, एसटी स्टँडवरची झोपलेली माणसं, हे तुम्ही रोज बघता. फक्त बघताना वही हातात असू द्या.

पैशाचं

ट्यूशन फी हा खर्चाचा एकच भाग. खोली, मेस, कागद, रंग आणि पुढे लॅपटॉप, हे सगळं जोडा. फीसाठी महाडीबीटी पोर्टलवर कला संचालनालयाच्या अभ्यासक्रमांनाही राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाची अट असते. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलतही जाहीर झालीय. तुमचं कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

आणि लक्षात ठेवा, या सवलती केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलात तर मिळतात. घाईघाईने मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की त्या हातातून जातात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला ही कामं तहसीलमध्ये आधीच उरकून ठेवा.

पण काम मिळतं का?

हा पप्पांचा खरा प्रश्न आहे. सरळ सांगतो. फक्त गोष्टींच्या पुस्तकांवर घर चालवणं सुरुवातीला अवघड आहे. बहुतेक जण दोन-तीन प्रकारची कामं एकत्र करतात: पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, मुखपृष्ठं, जाहिरातीचे स्टोरीबोर्ड, गेम, पॅकिंगवरची चित्रं.

आणि तुमच्या घराजवळ एक क्षेत्र आहे जे कुणाला दिसत नाही. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. 'कृषिदर्शनी' तुमच्या घरात असेलच. उसावरची कीड, तिच्या अवस्था, ठिबकची जोडणी, डाळिंबाची छाटणी. फोटोत सगळं एकदम दिसतं, चित्रात हवं तेवढंच दाखवता येतं. याला शास्त्रीय चित्रण म्हणतात. ज्या मुलीने ऊस जवळून पाहिलाय, तिचं चित्र आणि इंटरनेटवर बघून काढलेलं चित्र यात शेतकऱ्याला फरक कळतो. एआयने चित्रं बनायला लागल्यापासून तर हे जास्तच खरं आहे. 'छानसं गाव दाखवा' असं चित्र यंत्र देईल. खोडकिडीने पोंगा कसा वाळतो, ते चुकीचं काढलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं, म्हणून तिथे जाणकार हात लागतो.

अजून एक गोष्ट, कॉलेजमध्ये कदाचित कुणी सांगणार नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांचं वेगळं, ते सहसा मालकाचं. म्हणून पहिलं काम मिळाल्याच्या आनंदात सही करण्याआधी कागद वाचा.

तर मग, ताई, तुझं उत्तर

आधी दहा दिवसांत ती सहा चित्रं काढ. ती काढताना मजा आली, तर पहिली पसंती बीएफए ॲप्लाइड आर्ट, केंद्रीय फेरीतून, आणि शासकीय कॉलेजला आधी नंबर. जे.जे. यादीत सगळ्यात वर लिही, पण यादी तिथेच संपवू नको. ॲप्लाइड नाही मिळालं आणि पेंटिंग मिळालं तरी घे. हात पक्का होईल, मांडणी आणि अक्षरं बाहेर शिकता येतील. एटीडी हा घरचं फारच अडलं तर हाताशी ठेवायचा रस्ता. आणि कर्ज काढून 'गॅरंटी'वाला कोर्स मात्र नको, ते चार प्रश्न विचारल्याशिवाय तर नकोच.

पप्पांना 'मला आर्टिस्ट व्हायचंय' असं सांगू नको. ती सहा चित्रं त्यांच्यासमोर ठेव आणि म्हण, "पप्पा, ही गोष्ट वाचा आणि चित्रं बघा." मग एका कागदावर चार वर्षांचा खर्च, शिष्यवृत्ती, फॉर्मच्या तारखा लिहून दे. ज्या माणसाने आयुष्यभर उसाच्या लागणीपासून बिलापर्यंतचा हिशोब मांडलाय, त्याला हिशोबाची भाषा कळते.

बाकीच्यांनी पण काढा सहा चित्रं. मोबाइलवर फोटो काढून पाठवा, नाव नको असेल तर नुसतं गाव लिहा. पुढच्या भागात त्यातली काही घेऊन बोलू, कौतुक कमी आणि दुरुस्ती जास्त.

चला, भेटू. वही सोबत ठेवा.